शिक्षकांचा आश्रयदाता संत : जॉन बाप्तिस्ट दे ला साल

महोत्सवाच्या या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीची, घंटेची, वेदीची आणि येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची हकिकत वाचकांस इतरत्र मिळेलच. परंतु आमच्या देवळाच्या आवारात जशी एक वेदी आहे तशीच एक शाळाही आहे, आणि आमच्यापैकी बहुतेकांनी अक्षर ओळखले ते याच आवारात. म्हणून या पानांत शाळेच्या संतासही थोडी जागा असावी असे आम्हास वाटले. दोन गावी सारखीच गरीब मुले, सारखीच पडकी इमारत, पगारही सारखाच तुटपुंजा; असे असता एका शाळेतील मुले वाचू लिहू लागतात आणि दुसरीतील मुले चार वर्षे बाकावर बसून कोरीच्या कोरी घरी परततात, हे का? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने तीनशे वर्षांपूर्वी आपले सर्व आयुष्य वेचून शोधिले. त्या माणसाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

जॉन बाप्तिस्ट दे ला साल यांचा जन्म फ्रान्स देशातील रीम्स नगरात ३० एप्रिल १६५१ रोजी झाला. रीम्स म्हणजे फ्रान्सच्या राजांना जेथे राज्याभिषेक होत असे ते शहर. वडील लुई हे तेथील न्यायालयात मोठ्या हुद्द्यावर होते. आई निकोल हीदेखील प्रतिष्ठित घराण्यातील. घरी अकरा मुले जन्मास आली, त्यांतील सर्वांत थोरले हे. घरात पैसा, मान, नोकरचाकर, कशाचीच वाण नव्हती. अकराव्या वर्षी त्यांनी धर्मसेवेचा पहिला संस्कार घेतला आणि सोळाव्या वर्षी एका वृद्ध नातलगाने आपली जागा सोडून दिल्यामुळे ते रीम्सच्या महामंदिराचे कॅनन झाले. कॅनन म्हणजे महामंदिरातील उपासनामंडळाचा सभासद. या पदास चांगले उत्पन्न असे आणि त्याहून मोठी प्रतिष्ठा असे. असल्या मुलाने पुढे कोठे तरी बिशप व्हावे अशीच कोणाही नातलगाची अपेक्षा असणार.

१६७० साली ते पॅरिसच्या सेंट सुल्पीस सेमिनरीत गेले. परंतु पुढच्याच वर्षी आई वारली आणि १६७२ च्या एप्रिलात वडीलही गेले. एकविसाव्या वर्षी भावंडांची आणि इस्टेटीची जबाबदारी अंगावर पडल्यामुळे त्यांस अभ्यास अर्धा टाकून घरी यावे लागले. हिशेब ठेवणे, भाडी वसूल करणे, धाकट्यांच्या शिक्षणाकडे पाहणे, ही कामे त्यांनी काटेकोरपणे केली. पुढे शेकडो मास्तरांचा कारभार ज्यास करावयाचा होता त्याची ही उमेदवारीच झाली, असे आम्हास वाटते. अभ्यासही त्यांनी सोडिला नाही. ९ एप्रिल १६७८ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि १६८० साली ईशज्ञानशास्त्रातील डॉक्टर ही पदवी.

येथवर या चरित्रात गरिबांच्या शाळेचा मागमूस नाही. ती गोष्ट त्यांच्या दारी चालून आली, आणि तीही त्यांनी न बोलाविता. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक कॅनन निकोला रोलां यांनी गरीब मुलींना शिकविण्याकरिता एक भगिनीसंघ स्थापिला होता. रोलां १६७८ साली वारले, तेव्हा मरतेवेळी त्यांनी या संघाची काळजी जॉन बाप्तिस्ट यांजवर सोपविली. १६७९ साली एके दिवशी ते भगिनींच्या घरी गेले असता दारातच त्यांस एक अनोळखी गृहस्थ भेटले. त्यांचे नाव आद्रियां न्येल. रुआँ शहरात गरिबांच्या शाळा चालविणारे हे उत्साही वृद्ध, माइफेर नावाच्या एका श्रीमंत बाईंच्या सांगण्यावरून रीम्सच्या गरीब मुलांसाठी शाळा काढावयास आले होते. तरुण कॅनननी त्यांस आपल्या घरी उतरवून घेतले आणि सल्ला दिला की शाळा एखाद्या धर्मग्रामाच्या गुरूच्या आश्रयाखाली काढावी, म्हणजे कोणी हरकत घेणार नाही. सेंट मॉरिस धर्मग्रामात पहिली शाळा निघाली; लवकरच सेंट जाक धर्मग्रामात दुसरी. सल्ला दिला की आपले काम संपले, अशी त्यांची समजूत होती.

न्येल यांच्याविषयी कोणी वाईट लिहू नये. त्यांच्या पायाला भिंगरी होती. एक शाळा उघडली की त्यांचे मन दुसऱ्या गावी धावे. नव्या गावचे आमंत्रण आले की जुन्या शाळेचे मास्तर त्या दिवसापासून निर्नायक. हे मास्तरही कसे, तर ज्यास दुसरा धंदा मिळाला नाही तो मास्तर. अल्प शिक्षण, पोटापुरता पगार, आणि शिकवावे कसे हे कोणीच सांगितलेले नाही. एकजण दहा वाजता येई, दुसरा छडीवाचून बोलत नसे, तिसऱ्याचा वर्ग म्हणजे बाजार. न्येल बाहेरगावी गेले की शाळेची घडी विसकटे आणि ते परत आले की पुन्हा थोडी बसे. जॉन बाप्तिस्ट हे दुरून पाहत होते. शाळा उघडणे आणि शाळा चालविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे त्यांस येथे प्रथम कळले.

मग त्यांनी मास्तरांसाठी आपल्या घराजवळ एक घर भाड्याने घेतले. जेवण आपल्या घरून पाठविले. पुढे त्यांस जेवावयास आपल्याच पंक्तीला बोलाविले. आणि २४ जून १६८१ रोजी त्या सर्वांस आपल्या वाड्यात राहावयास आणिले. आज ही गोष्ट साधी दिसते. त्या काळच्या फ्रान्समध्ये कॅननच्या मेजावर शाळामास्तर बसणे म्हणजे घराण्याच्या अब्रूवर घाला होता. त्यांनी स्वतःच मागाहून लिहून ठेविले आहे की आरंभी या मास्तरांना ते आपल्या खाजगी नोकराहूनही खालचे मानीत असत आणि त्यांच्याबरोबर राहावे लागेल ही कल्पनाही त्यांस असह्य झाली असती. संताने स्वतःविषयी इतके खरे लिहून ठेवावे, हे आम्हास त्यांच्या पुष्कळ चमत्कारांहून मोलाचे वाटते. नातलग संतापले, धाकट्या भावांपैकी काहींना त्यांनी त्या घरातून हलविले. वर्षभराने, २४ जून १६८२ रोजी, जॉन बाप्तिस्ट यांनी पूर्वजांचा वाडाच सोडिला आणि मास्तरांसह शहराच्या गरीब भागातील एका भाड्याच्या घरात बिऱ्हाड केले.

तेथे त्यांची खरी परीक्षा झाली. नियमांचे जीवन न सोसून बहुतेक जुने मास्तर निघून गेले. त्यांच्या जागी नवे आले. हे नवे लोक अधिक चांगले होते, पण त्यांना उद्याची भ्रांत होती. आम्ही म्हातारे झालो, आजारी पडलो, शाळा मोडल्या, तर आमचे काय? ते त्यांस देवाच्या तरतुदीवर भरवसा ठेवावयास सांगत. रानातील फुलांचा आणि आकाशातील पाखरांचा दाखला देत. तेव्हा मास्तरांनी त्यांस तोंडावर ऐकविले की आपल्याजवळ कॅननपद आहे, वडिलार्जित इस्टेट आहे, शाळा मोडल्या तरी आपण जेवालच. भुकेची गोष्ट आमच्याजवळ जे कधी भुकेले राहणार नाहीत त्यांनी सांगू नये. उत्तर देण्यासारखे यात काही नव्हते, आणि त्यांनी दिलेही नाही.

त्यांच्या मनात दोन मार्ग उभे राहिले. एक हा, की स्वतःची संपत्ती शाळांच्या नावे करून द्यावी, म्हणजे मास्तरांच्या पगाराची कायमची सोय होईल. दुसरा हा, की सर्व टाकून मास्तरांसारखेच निष्कांचन व्हावे. पॅरिसचे निकोला बारे या पुण्यशील संन्याशाचा त्यांनी सल्ला घेतला. त्यांचे मत असे पडले की ज्या शाळा धनाच्या पायावर उभ्या राहतात त्या धनाबरोबरच बुडतात. १६८३ साली जॉन बाप्तिस्ट यांनी कॅननपद सोडिले. ते निदान आपल्या भावास द्यावे, असा नातलगांचा आग्रह होता. त्यांनी ते एका गरीब धर्मगुरूस दिले. त्यानंतर आलेल्या दुष्काळात त्यांनी आपली सर्व मालमत्ता भाकरीच्या रूपाने रीम्सच्या भुकेल्यांना वाटून टाकिली. अखेरीस ते स्वतःही त्या रांगेत एक झाले.

हे त्यांनी योग्य केले काय? व्यवहारी माणूस म्हणेल की त्या पैशातून दहा शाळांना कायमचा आधार झाला असता. आमच्या मनातही हा प्रश्न आला आणि तो अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुढे आयुष्यभर त्यांच्या शाळांस पैशाची जी ओढाताण सोसावी लागली ती वाचताना हाच विचार पुन्हा पुन्हा डोके वर काढितो. परंतु एवढे मात्र खरे, की त्या दिवसापासून मास्तरांनी आपल्या पुढाऱ्याविरुद्ध ती तक्रार पुन्हा केली नाही. मास्तर टिकू लागले. आणि ज्या शाळेत मास्तर टिकतो त्याच शाळेत मूल शिकते.

या मंडळीने हळूहळू संघाचे रूप घेतले. मास्तर हे नाव सोडून त्यांनी ब्रदर हे नाव घेतले. संघाचे नाव ख्रिस्ती शाळांचे बंधू. काळा जाडाभरडा झगा, गळ्याशी पांढरी पट्टी, वर शेतकऱ्याच्या घोंगडीसारखा डगला आणि पायांत जाड तळाचे बूट, असा त्यांचा वेष ठरला. रस्त्यात पोरे त्यांस हसत आणि चिखल फेकीत. न्येल १६८५ साली रुआँला परतले आणि दोन वर्षांनी तेथेच वारले. आता सर्व भार एकट्यावर आला. याच सुमारास खेड्यापाड्यांच्या धर्मगुरूंकडून मास्तरांची मागणी येऊ लागली. ब्रदर कधी एकटा पाठवावयाचा नाही, निदान दोघे तरी पाहिजेत, असा त्यांचा नियम. आणि लहान खेड्यास दोघांचा खर्च झेपेना. तेव्हा खेड्यांतील तरुणांनाच बोलावून, त्यांस वाचन, लेखन, गणित, गायन आणि शिकविण्याची रीत शिकवून परत धाडावे, अशी एक शाळा त्यांनी रीम्स येथे काढिली. शिक्षकांना शिक्षण देणाऱ्या युरोपातील अगदी पहिल्या संस्थांमध्ये हिची गणना होते.

१६८८ साली पॅरिसच्या सेंट सुल्पीस धर्मग्रामातून बोलावणे आले. तेथील र्‍यू प्रॅन्सेस या गल्लीत गरिबांची एक शाळा होती. तिची स्थिती अशी, की मुले पुष्कळ, पण येण्याजाण्यास वेळेचा धरबंध नाही, वर्गात गोंगाट, जोडीस लोकरीच्या कामाचा एक कारखाना, त्यात मुलांचा बराचसा वेळ जाई. दोन ब्रदरांना घेऊन जॉन बाप्तिस्ट तेथे गेले तेव्हा ते स्वतः पुढारी नव्हते. दुसऱ्याच्या हाताखाली काम करावयाचे होते. त्यांनी कोणाचा दोष न काढिता आपले वर्ग शांतपणे चालविले. काही काळाने धर्मग्रामाच्या गुरूंनी शाळेचा सर्व कारभार त्यांच्याकडे दिला. मग दार ठरल्या वेळी उघडू लागले, धर्मशिक्षणास रोजची वेळ नेमून दिली गेली, वाचन, लेखन व गणित यांचे तास लागले, कामाचा भाग आटोपशीर करण्यात आला. मुले तीच, गल्ली तीच, घरची गरिबीही तीच होती.

आता त्यांच्या शाळेत प्रत्यक्ष काय चाले हे सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. ब्रदरांशी वर्षानुवर्षे विचार करून, जे अनुभवास उतरले तेवढेच ठेवून त्यांनी शाळा कशी चालवावी याविषयी एक ग्रंथ तयार केला. त्याची सर्वांत जुनी हस्तलिखित प्रत १७०६ सालची असून तो छापून निघाला त्यांच्या मरणानंतर, १७२० साली. त्या काळी साधारण शाळेत मास्तर एकेका मुलास मेजाजवळ बोलावून धडा देई आणि बाकीची मुले तोवर खोड्या करीत. ब्रदरांच्या शाळेत मुलांचे त्यांच्या तयारीप्रमाणे गट पाडिले जात; गटातील सर्वांचा एकच धडा, एकच पुस्तक; एक मोठ्याने वाची तेव्हा बाकीचे मनात वाचीत. कोणास केव्हा पुकारतील याचा नेम नसे, म्हणून सर्वांचे डोळे पुस्तकावर. ही रीत सर्वस्वी त्यांनीच शोधिली असे नव्हे; लियों शहरी शार्ल देमिया या धर्मगुरूंनी आणि इतरांनीही तिचे प्रयोग केले होते. परंतु ती शेकडो वर्गांत, निरनिराळ्या गावी, सारखी चालवून दाखविली ती ब्रदरांनी.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या काळी वाचनाचा आरंभ लॅटिन भाषेपासून होई. गरीब मूल दोन-तीन वर्षे शाळेत टिके, तेवढ्यात लॅटिन अक्षरांचे उच्चार तेवढे येत. अर्थ कळत नसे आणि घरची भाषाही वाचता येत नसे. दे ला साल यांनी आरंभ मायबोली फ्रेंचपासून केला. शार्त्र येथील बिशप, जे त्यांचे जुने सहाध्यायी होते, त्यांनी याविरुद्ध आग्रह धरिला. तेव्हा दे ला साल यांनी त्यांस नम्रपणे पण मुद्देसूद समजावून सांगितले की गरिबाच्या मुलास लॅटिनचा उपयोग नाही आणि त्यास शाळेत राहावयास वेळही नाही. आमच्याकडे मुलास प्रथम कोणत्या भाषेत शिकवावे याविषयी अद्याप वाद चालतात, त्यात भाग घेणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. लेखन शिकणाऱ्या मुलांकडून पावत्या, करारनामे, भाडेपट्टे यांच्या नकला करवीत; कारण सुताराच्या आणि विणकराच्या मुलास उद्या याच कागदांशी गाठ पडावयाची.

मूल शाळेत दाखल करिताना ते कोणाजवळ राहते, बापाचा धंदा काय, पूर्वी कोणत्या शाळेत होते आणि तेथून का निघाले, हे नोंदवून घेत. वर्षअखेर प्रत्येक मास्तर आपल्या मुलांच्या स्वभावाची व गुणदोषांची टिपणे लिहून ठेवी आणि ती पुढील मास्तरास मिळत. सकाळची न्याहारी मुले शाळेतच करीत. तेथे नीट बसून खावयास शिकत आणि ज्यांस भाकरी आहे त्यांनी उरलेली टोपलीत टाकावी, ती ज्यांस नाही त्यांस वाटली जाई. किल्ल्या सांभाळणे, प्रार्थना सांगणे, गैरहजर मुलांच्या घरी जाऊन चौकशी करणे, ही कामे मुलांकडेच सोपविलेली असत. गैरहजेरीविषयी तर त्या ग्रंथात मोठे बारीक विवेचन आहे. मूल चंचल असते किंवा आईबाप त्यास कामास लावितात, एवढे सांगून ते थांबत नाहीत. मास्तरावर मुलाचा जीव नसतो, नवा मास्तर शिकविण्याची हातोटी नसल्यामुळे पहिल्यापासून शिक्षेवरच येतो, आणि मूल काही शिकत नाही हे पाहून आईबापांची आस्था उडते, हीही कारणे ते मोकळेपणी मांडितात. अशा ठिकाणी त्यांनी दोष मुलावर टाकिला नाही.

हे सर्व ज्याच्यावर अवलंबून तो शाळेचा मुख्य. त्याने वर्गावर्गांतून फिरावे, नव्या मास्तराजवळ उभे राहून त्यास शिकवावे, कोणते मूल पुढच्या धड्यास योग्य झाले हे स्वतः परीक्षा घेऊन ठरवावे. एका मास्तराच्या लहरीवर मूल वर चढू नये की मागे राहू नये, यासाठी ही तजवीज. छडीविषयी आम्ही काही लपवीत नाही : त्या ग्रंथात शारीरिक शिक्षेचे नियम आहेत आणि आजच्या वाचकास ते रुचणार नाहीत. मात्र ते नियम बहुतांशी मास्तराच्या हातास आवर घालण्यासाठीच लिहिलेले आहेत, आणि शिक्षा जितकी विरळ तितकी शाळा चांगली, असाच त्यांचा रोख आहे.

इतके चांगले काम चालले असता संकटांस तोटा नव्हता. पॅरिसमध्ये फी घेऊन शिकविणारे मास्तर होते, आणि लेखन शिकविणाऱ्यांचा तर वेगळा संघ होता. ब्रदर सर्वांस फुकट शिकवीत. दाराशी आलेल्या मुलाच्या गरिबीचा दाखला मागत नसत. यामुळे आमची फी बुडते अशी फिर्याद त्या लोकांनी १६९० पासून वारंवार केली. १७०४ मध्ये न्यायालयाने ब्रदरांविरुद्ध निकाल दिला आणि दंड ठोठाविला. खटले पुढे दोन वर्षे चालले आणि पॅरिसच्या शाळा काही काळ बंद पडल्या. घरातही दुःखे होती. आरी लरो नावाच्या बुद्धिमान ब्रदरास आपल्यामागून पुढारी करावे, म्हणून ते त्यास गुरुदीक्षेसाठी तयार करीत होते. तो १६९० मध्ये अकस्मात वारला. त्यात त्यांनी देवाचा संकेत पाहिला आणि ठरविले की कोणाही ब्रदराने धर्मगुरू होऊ नये. त्याने सर्व शक्ती शाळेसच द्यावी. १६९१ मध्ये पुष्कळ ब्रदर सोडून गेले, काही वारले, सर्व काम बुडते की काय असे झाले. तेव्हा २१ नोव्हेंबर रोजी निकोला व्हुयार आणि गाब्रिएल द्रोलँ या दोन ब्रदरांसह त्यांनी गुप्तपणे नवस केला की आम्ही तिघेच उरलो, भीक मागावी लागली, नुसत्या भाकरीवर राहावे लागले, तरीही ही संस्था सोडणार नाही. या दोघांपैकी व्हुयार पुढे संस्था सोडून गेला. द्रोलँची गोष्ट शेवटी सांगतो.

६ जून १६९४ रोजी बारा ब्रदरांसह त्यांनी आजन्म व्रते घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांस सांगितले की आता तुमच्यातूनच कोणी पुढारी निवडा. मते घेतली, ती सर्व त्यांनाच पडली. त्यांनी पुन्हा मते घ्यावयास लाविली; पुन्हा तेच झाले. पुढील वर्षांत काम वाढले. १६९८ साली राजा जेम्सबरोबर फ्रान्समध्ये आश्रयास आलेल्या आयरिश घराण्यांतील सुमारे पन्नास मुलांस त्यांनी शिकविले. १६९९ साली दिवसभर कामावर जाणाऱ्या तरुणांसाठी रविवारची शाळा काढिली, तीत चित्रकला आणि भूमितीही शिकवीत. १७०५ साली रुआँजवळ सेंट योन येथे जागा मिळाली. तेथे व्यापाऱ्यांच्या मुलांचे वसतिगृह आणि उनाड मुलांना सुधारण्याचे घर, अशी दोन्ही चालू लागली.

चूक त्यांच्या बाजूनेही झाली. १७०२ साली नवशिक्या ब्रदरांवर नेमलेल्या अधिकाऱ्याने त्यांस फार कठोर वागविल्याची तक्रार पॅरिसच्या आर्चबिशपांकडे गेली आणि आर्चबिशपांनी दे ला साल यांस दूर करून दुसरा धर्मगुरू पुढारी नेमिला. ब्रदरांनी तो मानण्याचे नाकारिले. कशीबशी तडजोड झाली. त्याहून मोठा घाव १७१२ साली बसला. क्लेमां नावाच्या एका तरुण धर्मसेवकाने गरिबांच्या शिक्षणकार्यासाठी घर घेण्याच्या व्यवहारात त्यांस ओढिले होते. तो तरुण कायद्याने अज्ञान होता. त्याच्या बापाने दावा लाविला, आणि न्यायालयाने दे ला साल यांस अज्ञान मुलाकडून पैसा काढणारा असे ठरविले. ज्याने आपला सर्व पैसा वाटून टाकिला त्याच्यावर हा ठपका!

ते दक्षिणेकडे निघून गेले. तिकडच्या शाळांची तपासणी हे कारण होते. पण मन मोडले होते हेही खरे, आणि आम्ही त्यावर पांघरूण घालीत नाही. मार्सेय येथे त्यांनी नवशिक्यांचे घर काढिले, ते विरोधकांमुळे बंद पडले. मांद येथे तर त्यांच्याच ब्रदरांनी त्यांस ठेवून घेण्याची नाखुषी दाखविली. आपल्यामुळेच संस्थेवर संकटे येतात, आपण दूर झालो तर बरे, असे त्यांस वाटू लागले. ग्रनोब्ल येथे ते राहिले तेव्हा तेथील एका ब्रदरास त्यांनी उत्तरेकडे शाळांची खबर घेण्यास पाठविले आणि त्याच्या जागी वर्गावर स्वतः उभे राहिले. ईशज्ञानशास्त्राचे डॉक्टर, महामंदिराचे एकेकाळचे कॅनन, साठी ओलांडलेले, संधिवाताने जर्जर झालेले, लहान मुलांस अक्षरे गिरवावयास शिकवीत आणि मिस्सेसाठी त्यांस रांगेने देवळात नेत. ग्रनोब्लच्या मुलांस आपला मास्तर कोण हे फारसे कळले नसावे.

इकडे उत्तरेत पुढाऱ्यावाचून गोंधळ माजला. एकेका घरावर बाहेरचे धर्मगुरू वरिष्ठ म्हणून नेमले जाऊ लागले; संस्थेचे तुकडे होण्याची वेळ आली. तेव्हा १ एप्रिल १७१४ रोजी पॅरिस आणि आसपासच्या प्रमुख ब्रदरांनी एकत्र जमून त्यांस पत्र लिहिले. त्यात विनंती होती, पण आज्ञाही होती : ज्या संस्थेला आपण आज्ञापालनाचे व्रत दिले आहे तिच्या नावाने आम्ही आपणास सांगतो की परत या आणि कारभार हाती घ्या. ज्याने त्यांना आज्ञा पाळावयास शिकविले त्यालाच त्यांनी आज्ञा केली. १० ऑगस्ट १७१४ रोजी ते पॅरिसला परत आले आणि दारात उभे राहून आपण हजर झालो असे सांगते झाले.

१७१७ साली त्यांनी ब्रदरांच्या सभेकडून ब्रदर बार्थेलेमी यांस पुढारी निवडविले. त्यानंतर शेवटची दोन वर्षे सेंट योन येथे ते त्यांच्या परवानगीवाचून लहानसहान गोष्टही करीत नसत. ७ एप्रिल १७१९ रोजी, उत्तम शुक्रवारच्या दिवशी पहाटे, त्यांनी देह ठेविला. त्या वेळी ब्रदरांची संख्या शंभराच्या आसपास होती आणि शाळा वीसहून अधिक गावी चालू होत्या. त्यांच्या मागे शाळा कोसळली नाही. १७२४ साली राजाची मान्यता आणि १७२५ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांची मान्यता मिळाली. फ्रेंच राज्यक्रांतीत संस्था बंद पाडण्यात आली तरी पुन्हा उभी राहिली. २४ मे १९०० रोजी पोप तेरावे लिओ यांनी दे ला साल यांस संतपद दिले आणि १५ मे १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांस सर्व शिक्षकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले.

द्रोलँची गोष्ट सांगावयाची राहिली. १७०२ साली दे ला साल यांनी त्यास रोमला पाठविले. पोपमहाशयांच्या दृष्टीसमोर संस्थेची एक शाळा असावी अशी त्यांची इच्छा होती. पैसे नव्हते, ओळखी नव्हत्या, भाषा परकी. बरोबरचा सोबती लवकरच परत गेला. द्रोलँ एकटा राहिला, आणि एकट्या ब्रदरास कोठे ठेवावयाचे नाही या नियमाला तो जन्मभराचा अपवाद झाला. दे ला साल त्यास पत्रे लिहीत. पैसे पाठविता आले नाहीत याची क्षमा मागत, शाळेत मुले किती, धर्मशिक्षण कसे चालते हे विचारीत, धीर देत. १७०९ साली त्यास रोममधील पोपच्या गरीब शाळांपैकी एक शाळा मिळाली. दोघांची भेट पुन्हा झाली नाही. पोपची मान्यता मिळाल्यानंतर, १७२८ साली, सव्वीस वर्षांनी, दुसरे ब्रदर त्याच्या जागी आले, तेव्हा त्याने शाळा त्यांच्या हवाली केली आणि तो फ्रान्सला परतला.